मेक्सिको कट्ट्यावरचा कोपऱ्यातला टेबल

मी एक जुना टेबल आहे. कडुलिंबाच्या लाकडाचा, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेला. परळीच्या स्टेशन रोडवर ‘मेक्सिको कट्टा’ नावाचे एक छोटेसे हॉटेल आहे. त्याच्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात मी उभा असतो. मित्रांनो, माणसे माझ्यावर कोपर टेकवतात आणि मनातले बोलून जातात. आपले बोलणे कुणीतरी साठवून ठेवत असेल, असे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. मी आजवर पुष्कळ ऐकले. पण तुम्हाला सांगायचे आहे ते एका नवरा-बायकोचे. त्यांच्या काळजीने मला जितके पोखरले, तितके वाळवीनेही कधी पोखरले नाही.

माझा जन्म आष्टीचा. वादळात एक कडुलिंब उन्मळून पडला होता. आश्रुबा नावाच्या सुताराने त्यातून मला घडवले. त्याचा रंधा फार सावकाश चालायचा. काम झाल्यावर त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बायकोला म्हणाला, “दिसाय साधा हाय, पण ह्याला कीड लागायची न्हाई.” माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

तिथून मी परळीला आलो, एका चहाच्या हॉटेलात. रेल्वेची वाट बघणारी माणसे माझ्यावर कपबशा आपटायची, वर्तमानपत्र पसरायची, निवडणुकीवरून भांडायची. वीज केंद्राकडून वारा आला की बारीक राख माझ्यावर बसायची आणि ओल्या फडक्याने कुणीतरी ती पुसायचे. मला ते दिवस आवडत. पुढे हॉटेलचा मालक थकला, हॉटेल बंद पडले आणि मला मागच्या अंगणात टाकून दिले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. ऊन-पावसाने माझी एक फळी तडकली. आता आपण चुलीत जाणार, असे मी धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात प्रविणने ती जागा भाड्याने घेतली. प्रविण ह्याच गावचा. पुण्यातल्या एका मेक्सिकन हॉटेलात त्याने बरीच वर्षे स्वयंपाक केला होता आणि आता बायकोला, स्वप्नालीला, घेऊन तो गावी परतला होता. त्याने मला उचलले, घासले, तडकलेली फळी खिळ्यांनी आवळली आणि खिडकीशी ठेवले. लोक हसत होते. परळीत मेक्सिकन कोण खाणार? स्वप्नाली त्यांना समजावून सांगायची, “मक्याची भाकर हाय, राजमा हाय, कांदा-टमाट्याची चटणी हाय. आपलंच हाय समदं, फकस्त घडी घालायची तऱ्हा येगळी हाय.” हळूहळू लोक येऊ लागले. कॉलेजची मुले आली, डॉक्टर आले, लग्न ठरलेली जोडपी आली.

आणि अजिनाथ आणि मोहिनी आले.

अजिनाथचा मंडप आणि स्पीकरचा धंदा होता. लग्न असो, पुढाऱ्याची सभा असो, माईकवर बोलायला तोच उभा राहायचा. त्याचा आवाज असा भरदार, की नुसते पाणी मागितले तरी शेजारच्या टेबलावरची माणसे वळून बघायची. मोहिनी घरीच ब्लाउज शिवायची. ती कमी बोलायची आणि जास्त बघायची. पहिल्या दिवशी टॅको समोर आला तेव्हा अजिनाथने तो सगळीकडून निरखला. मक्याची कडक पोळी मधोमध दुमडलेली, तिच्यात राजमा, कोबी आणि मिरच्या भरलेल्या.

“हे कुठनं धरायचं?” त्याने विचारले.

“धरा कुठनंबी,” मोहिनी म्हणाली, “सांडणारच हाय.”

त्याने मोठा आ केला आणि अर्धा टॅको एकाच घासात तोडला. बाकीचा माझ्यावर पडला. मोहिनी इतकी हसली की तिला पाणी प्यावे लागले. त्या दिवसापासून दर महिन्याला ती दोघे यायची. कोपऱ्यातला टेबल रिकामा नसेल तर दारात थांबायची, पण दुसरीकडे बसायची नाहीत. मला ह्या गोष्टीचा फार अभिमान वाटायचा.

अजिनाथच्या खिशात गुटख्याची पुडी असे. सभेत, मंडपात, गाडीवर, ज्याच्या-त्याच्या हातात ती असतेच. मोहिनीने सुरुवातीला भांडून पाहिले, अबोला धरून पाहिला आणि शेवटी ती दमली. जेवण झाले की तो बाहेर जाऊन पुडी तोंडात टाकायचा. ती खिडकीतून बघत बसायची, आणि तिची बोटे माझ्या कडेवरून पुढेमागे फिरत राहायची.

मग एका उन्हाळ्यात काहीतरी बदलले.

अजिनाथने मिरच्या नको म्हटले. पुढच्या खेपेला साल्साची, म्हणजे कांदा-टमाट्याच्या तिखट चटणीची, वाटी तशीच परत गेली. त्याच्या पुढच्या खेपेला त्याने टॅको मागवलाच नाही, चीज भरलेल्या मऊ पोळीचा केसाडिया मागवला आणि त्याचे चिमणीच्या घासाएवढे तुकडे केले. एकेक तुकडा ओठांमधून आत सरकवून तो बराच वेळ घोळवायचा. डोळ्यांत पाणी यायचे. “दाढ दुखायली,” असे तो म्हणायचा. मित्रांनो, वरून माणूस काहीही म्हणो, खाली त्याचे पाय खरे बोलतात. अजिनाथचा पाय माझ्या पायाला सारखा आपटत होता. दाढदुखीने पाय असा आपटत नाही. मला भीती वाटू लागली. पण टेबलाने कुणाला काय सांगायचे?

त्या संध्याकाळी मोहिनीने मुद्दाम दोन टॅको मागवले. एक त्याच्यापुढे सरकवला.

“खावा.”

“भूक न्हाई.”

“घरी भाकर दुधात कुस्करून खाताव. चटणी बंद केली. परवाच्या सभेला माईक तुमच्या हाताखालच्या सत्यमकडं दिला. मला दिसत न्हाई व्हय?” तिचा आवाज खाली होता, पण तिने दोन्ही तळहात माझ्यावर घट्ट दाबून धरले होते. “आ करा.”

“लोकं बघायलेत.”

“बघू द्या. आ करा तुमी.”

अजिनाथने इकडेतिकडे पाहिले आणि तोंड उघडले. तो मोठ्ठा आ करणारा माणूस, पण त्याचे ओठ जेमतेम विलग झाले आणि तिथेच थांबले. गाल आतून कुणीतरी दोरीने आवळल्यासारखे ताणले गेले. मोहिनीने आपली दोन बोटे त्याच्या दातांपाशी नेली. दुसरे बोट आत जाईना. तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. 

“कवापसनं?”

“दिवाळीपसनं. आधी वाटलं, थंडीनं हाय.”

“मंग कावून सांगितलं न्हाई?”

अजिनाथने टॅको बाजूला सरकवला. “रोज आरशात आ करून बघतो मी,” तो म्हणाला. “माईक हातात धरला की शब्द दातातच अडकतेत. तुला सांगितलं असतं, तर मला सोताला बी खरं मानावं लागलं असतं.”

मोहिनी रडली नाही. दोन्ही टॅको तिने बांधून घेतले आणि म्हणाली, “सकाळी अंबाजोगाईला जायाचं. मोठ्या दवाखान्यात. मी शिवण बंद ठेवते.”

ती दोघे गेली, आणि माझ्या वाट्याला वाट बघणे आले. माझ्यावर इतर लोक बसत होते, जेवत होते, पण माझे लक्ष दाराकडे असायचे. प्रविणने त्यांना फोन केला होता. स्वप्नालीला तो सांगत होता ते मी ऐकले. डॉक्टरांनी गालाच्या आतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. “क्यान्सर असंल का?” स्वप्नालीने विचारले.  प्रविण नुसताच कोबी चिरत राहिला.

पुढे एका दुपारी, हॉटेलात कुणीच नसताना, ती दोघे दारात उभी राहिली. अजिनाथ वाळला होता. मोहिनीने फोन माझ्यावर ठेवला.

“दुपारून सांगतो म्हणलेत डॉक्टर,” ती स्वप्नालीला म्हणाली. “घरात बसवंना. भिंती अंगावर यायल्या. म्हणून हितं आलो.”

स्वप्नालीने पाणी आणून ठेवले. दोघांनी त्याला हात लावला नाही. फोन माझ्या अंगावर होता, त्याचे वजन ते काय, पण त्या दुपारी मला वाटले की माझी तडकलेली फळी आता त्याच्या भाराने मोडणार. एकदा तो थरथरला. दोघे दचकले. कुणालातरी वास्तुशांतीला मंडप हवा होता. अजिनाथने हळू, अडखळत उत्तर दिले आणि फोन परत ठेवला.

“काय निघालं तर,” तो म्हणाला, “तू मशीन बंद करू नको. शिवण चालू ठेव.”

“गप बसा,” मोहिनी म्हणाली.

“आन् स्पीकर सत्यमला दे. पोरगा चांगला हाय, वायरी नीट गुंडाळतो.”

“गप बसा म्हणलं ना.”

ती खिडकीबाहेर बघू लागली. आणि तेव्हाच फोन पुन्हा थरथरला. मोहिनीने तो कानाला लावला. “हां सर. हां. हां.” बाकी काही नाही. तिचा दुसरा हात माझी कड शोधत होता. सापडली तेव्हा तिने ती अशी धरली, जसा पुरात माणूस झाडाला धरतो. स्वयंपाकघरातला तवा प्रविणने खाली उतरवून ठेवला होता.

तिने फोन ठेवला.

“क्यान्सर न्हाई,” ती म्हणाली. मग थांबली. “आजच्याला न्हाई. डॉक्टर म्हणले, गुटख्यानं गाल आतनं आवळलेत, त्याच्याच वाटंवर हाय. गालात इंजेक्शनं घ्यायची, लाकडी काड्या दातात धरून रोज व्यायाम करायचा, दर चार-सहा म्हैन्याला येऊन दाखवायचं. तोंड पैल्यासारखं उघडणार न्हाई. आन् पुडीला पुन्ना हात लावला तर मी काय सांगू शकत न्हाई, म्हणले.”

अजिनाथने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि तो माझ्यावर डोके टेकून रडला. भरदार आवाजाचा माणूस, पण रडण्याचा आवाज आला नाही. त्याचे कढत पाणी माझ्या चिरेत उतरले. मोहिनी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. थोड्या वेळाने त्याने खिशातल्या पुड्या काढल्या, एकही मागे न ठेवता, आणि प्रविणकडे दिल्या. प्रविणने त्या चुलीत टाकल्या.

स्वप्नालीने न विचारता एक ताट आणले. मऊ भात, घोटलेला राजमा, वरून दही. तिखटाचा कण नव्हता. अजिनाथ चमच्याने सावकाश खाऊ लागला.

“तू टॅको माग,” तो मोहिनीला म्हणाला.

“मला नगं. तुमाला खाता येत न्हाई अन् मी तुमच्यापुढं खाऊ?”

“खा. कडक वाजू दे. मला आयकायचंय.”

तिने खाल्ला. कुर्रकन आवाज झाला, आणि अजिनाथने डोळे मिटून घेतले.

मित्रांनो, ही गोष्ट इथे सुखाने संपली असे मी म्हणणार नाही. अजूनही ती दोघे दर महिन्याला येतात. अजिनाथ आता लहान कार्यक्रमांत थोडे बोलतो, मोठ्या सभा सत्यमच करतो. गप्पा मारता मारता त्याचा हात आपोआप वरच्या खिशाकडे जातो, आणि रिकाम्या खिशावरून परत येतो. मोहिनी फक्त पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवते. तपासणीची तारीख जवळ आली की तिची बोटे माझ्या कडेवरून पुन्हा फिरू लागतात. ती काळजी आता त्यांच्यासोबतच जेवायला बसते, आणि मीही ती सोसतो.

मी फक्त लाकूड आहे. मला दिसले, कळले, पण विचारता आले नाही. तुम्हाला येते. तुमच्या घरात कुणी आवडीचे खाणे कारण न सांगता सोडले, ताटात तिखट नको म्हणू लागले, घास बारीक करू लागले, तर “दाढ दुखते” एवढ्यावर समाधान मानू नका. जवळ बसा. त्यांना आ करायला लावा. ते चिडतील, लोक बघतील. बघू द्या.