सातपुढचे आकडे

मी एक जुना गेज आहे, मित्रांनो. बॉयलरमधल्या वाफेचा दाब दाखवणं हे माझं काम. माझी काच तडकली, तेव्हा मला उतरवून समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. तिथून मी जे पाहिलं ते सांगतो. जरा जवळ सरका.

कारखान्यात माझ्या तबकडीवर शून्य ते दहा आकडे छापणारा कारागीर म्हणाला होता, "खोटं बोलू नकोस रे बाबा." देवाशपथ, कधी बोललो नाही. इस्पितळाच्या धुलाईघरात पंचवीस वर्षं इमानाने काढली.

बॉयलर सांभाळायचे मामा. आकड्यांशी त्यांचं कधी जमलंच नाही. माझा काटा सरळ उभा राहिला की ते कोळशाचं फावडं खाली ठेवत. सगळे म्हणत, "मामांच्या नजरेला तोड नाही!" मीही फुशारून जायचो. माझा चेहरा त्यांना पाठ होता, आकडे मात्र नव्हते. आणि कुणी कधी विचारलंही नाही.

माझ्या जागी नवा गेज आला तो शून्य ते वीसचा. माझा उभा काटा म्हणजे पाच, त्याचा उभा काटा म्हणजे दहा. बॉयलरला सोसतो सात.

दुसऱ्याच दिवशी दाब सातपुढे गेला आणि जादा वाफ सोडणारी झडप किंचाळत उघडली. मामा वैतागले. "काटा अजून तिरकाच, आणि हिची किटकिट सुरू!" झडप बिघडली असं ठरवून त्यांनी तिच्या दांड्याला वीट टांगली. झडप गप्प झाली. मित्रांनो, ती शांतता आठवली की आजही माझं पितळ गार पडतं. देवाने मला जीभ दिली नाही, काटा दिला. तोही आता हलत नव्हता.

भिंतीपलीकडे अकरा बायका चादरींना इस्त्री करत होत्या. त्यांतली एक मावशी, पंचावन्न वर्षांची, नातीशेजारी बसून अक्षरं-आकडे गिरवायला लागली होती. दिसेल ते वाचायची. साबणाची पोतीसुद्धा सोडायची नाही. "साहेबीण होणार वाटतं!" बायका चिडवत. "होईन की. तू ये माझा डबा उचलायला!"

त्या दुपारी ती सांगायला आली, की वाफ फार तापलीय, चादरी पिवळ्या पडतायत. सवयीने तिने तबकडी वाचली.

"मामा, नऊ."

"काय नऊ?"

"काटा नऊवर आहे."

"अगं, उभा कुठाय अजून? आता इस्त्रीवालीने मला वाफ शिकवायची होय?"

"नका शिकू. पण बॉयलरच्या पाटीवर लिहिलंय, सातपुढे जाऊ नये. तुम्हीच वाचा."

मामा पाटीकडे बघत राहिले. त्यांच्यासाठी तिथे नुसत्या रेघा होत्या. फावडं हातातच होतं. रागाच्या भरात आणखी एक घमेलं कोळसा आत गेला असता. पण त्यांची नजर झडपेच्या विटेवर गेली.

फावडं खाली पडलं. "बायकांना बाहेर काढ, मावशी! पळ!"

झडप एकदम उघडली तर धक्क्याने बॉयलर फुटेल, म्हणून विटेला हात न लावता एकट्याने त्यांनी भट्टीतले निखारे ओढून काढले. तरी काटा साडेनऊपर्यंत चढला. पाइपचे सांधे फुसफुसले, जमीन थरथरली. मग कितीतरी वेळाने काटा एक रेघ उतरला. मग दुसरी.

दाब उतरल्यावर झडपेवरची वीट गेली. हल्ली जेवणाच्या सुट्टीत मावशी फरशीवर खडूने मामांना आकडे शिकवते.

"सातपर्यंत आलं. पुढचे?"

"पुढचे दिसले की वाचत बसायचं नाही, मामा. पळायचं!"

मामा हसले, पण आठ गिरवलाच.

मित्रांनो, ज्याला सगळं येतं असं घरदार म्हणतं, त्याला लाज न वाटेल अशा बेताने एकदा विचारा, त्याच्याशेजारी बसा. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा स्वतःलाही विचारा. शिकणं थांबलेल्या माणसाच्या हाताशी वीट कायम असते.

काल साहेब येऊन गेले. पुढच्या महिन्यात बॉयलरच बदलणार म्हणे. नव्याला किती दाब सोसतो, ते मात्र कुणी सांगितलं नाही.