ठकूची परीक्षा आणि दारामागची मी

मी दारामागची जुनी कडी आहे, मित्रांनो. लोहाराने मला ठोकून ठोकून सरळ केलं, सुताराने या दाराला बसवलं, आणि तेव्हापासून माझं एकच काम, आत सरकायचं, बाहेर सरकायचं. सुरुवातीला सगळे म्हणायचे, काय मस्त लागते ही कडी. मग दार जरासं खाली बसलं, मी अडायला लागले, आणि माझ्याकडे बघायला कुणाला वेळच नाही.

पण त्या शनिवारचं ऐका. आईची दवाखान्यात जादा ड्यूटी, बाबा कामावर, आणि दहा वर्षांची ठकू पहिल्यांदाच घरी एकटी राहणार. राहील का नीट, यावर आठवडाभर वाद चाललेला.

बाबा म्हणाले, "घोडी झालीय आता."

"घोडी झाली असेल, अक्कल बघू दे," म्हणत आईने तिची परीक्षाच घेतली.

"माझा नंबर?" ठकूने घडाघडा सांगितला.

"बेल वाजली तर?"

"उघडायचं नाही."

"मावशी आली तर?"

"तुला फोन करायचा. मग बघू."

"धूर दिसला तर?"

"मेन स्विच बंद, आणि बाहेर पळायचं."

पैकीच्या पैकी! पण बाहेर पळायचं म्हणजे आधी मला सरकवायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मला रोज आई उघडायची, तीही दाराला कंबरेने धप्प देऊन. इतक्या सवयीने, की तिचं तिलाही कळायचं नाही.

आई गेली. ठकूने मला दोन्ही हातांनी रेटून लावलं. आणि दुपारी फ्रिजच्या प्लगमधून चर्र झालं, धूर यायला लागला. ठकूचा चेहरा पांढराफटक. तरी स्टुलावर चढून तिने मेन स्विच पाडला आणि धावत माझ्याकडे आली. ओढतेय, ओढतेय, मी हलेचना. धूर दारापर्यंत आला, ती खोकतेय, तिची बोटं लालबुंद. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

समोरच्या शिंपीकाकांनी खोकणं ऐकलं. "ठकू, बाहेर ये गं."

"कडी निघत नाहीये, काका."

काकांनी बाहेरून दार ढकलून पाहिलं. मग ते म्हणाले, "तुझी आई रोज धप्प करते बघ, मला मशीनवर बसून ऐकू येतं. तसं कर."

ठकूने कंबर मारली. मी सुटले.

प्लग तेवढ्यात जळून गप्प झाला होता. काकांचा फोन गेल्यावर आई धावतच आली, ठकूला कवटाळून म्हणाली, "एवढ्यात नाही ठेवायची एकटी. लहान आहे अजून."

ठकूने फक्त लाल बोटं पुढे केली.

"वहिनी," शिंपीकाका म्हणाले, "पोरगी पास आहे. कडी नापास झालीय."

मग बाबांनी बिजागऱ्या घट्ट केल्या, काकांनी मशीनचं तेल दिलं, आणि आईने ठकूकडून मला दहा वेळा उघडून घेतलं, दोनदा तर डोळे मिटून.

मित्रांनो, आईबाबा तुम्हाला प्रश्न विचारतीलच. तुम्ही त्यांचा हात धरून त्यांना तुमच्या कडीपाशी न्या, त्यांच्यासमोर उघडून दाखवा. आणि तिला थेंबभर तेल घाला, बाकी मागणं नाही.

पुढच्या शनिवारी आई दाराबाहेर पडली आणि जिन्यातच थांबून राहिली. आतून ठकूने मला लावलं, काढलं, परत लावलं.

"जा ना आई," ती म्हणाली. "लागते पण आणि निघते पण."