न आलेल्यांची मतं

मी गावच्या शाळेत मतदान घेणाऱ्या तोकोन मास्तरांच्या टेबलाजवळची फिरती मतपेटी बोलतेय. दचकू नका. आजवर माझ्या फटीतून लोकांनी फक्त आत घातलं. बाहेर काही येतंय ते आज पहिल्यांदाच.

सामूहिक शेतीच्या सुतारशाळेत माझा जन्म झाला. अंगाला प्लायवूड, वर लाल कापड आणि धरायला एक कडी. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या दारी जायचं, एवढंच माझं काम. तेव्हा चिठ्ठीवर एकच नाव असायचं. मतदानाला शाळेत अकॉर्डियन वाजायचा, संत्री मिळायची. माणसं संत्र्यांसाठी यायची आणि जाता जाता मत देऊन जायची. मला त्याचं काही वाटायचं नाही.

मग आमच्यावरचं मॉस्कोचं ते अवाढव्य राज्य पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळलं आणि चिठ्ठीवर दोन नावं आली. बुर्माकान तेव्हा बाळंतीण होती, म्हणून मला तिच्या घरी नेलं. ती चिठ्ठी घेऊन बसली ती बसलीच.

"अगं, नवरा निवडायला एवढा वेळ लावला नव्हतास," तिचा नवरा ओमुरझाक म्हणाला.

"तेव्हा दोन नावं कुठं होती?"

घर हसलं. चिठ्ठी माझ्यात पडली तेव्हा ती कोमट होती, तिला दुधाचा वास होता. खोटं कशाला सांगू, पेटी म्हणून जन्माला आल्याचं मला त्या दिवशी सार्थक वाटलं.

पुढे काहीतरी बिनसलं. मतदानाच्या सकाळी मला उचलायला जावं, तर मी आधीच जड. आत चिठ्ठ्या असायच्या, पण त्यांना हाताचा वास नसायचा. ना चरबीचा, ना तंबाखूचा. खऱ्या चिठ्ठ्या पडल्या की सरकतात, कुरकुरतात. या एकमेकींना चिकटून गप्प बसायच्या, जणू कुणाची तरी वाट बघताहेत. मला माझ्याच पोटाची भीती वाटायला लागली.

ओमुरझाकने उभा जन्म गावप्रमुख सादिरबेकशी भांडण्यात घालवला. गावाची कुरणं सादिरबेकने भावकीत वाटली होती. पुढे ओमुरझाक वारला आणि त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण नेमकं मतदानाच्या रविवारी आलं. त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. तिचं मत घ्यायला तोकोन मास्तर मला घेऊन निघाले.

आमच्याकडे सुतकाच्या घरी पुरुषाने लांबूनच हंबरडा फोडत जायचं असतं. जो गप्प जातो त्याने मेलेल्याचा अपमान केला. मास्तर रीतीला पक्के. एका हातात मी, दुसरा हात कमरेवर, "दादा रे, माझ्या पाठीराख्या!" असं रडत ते अंगणात आले. दारात काठ्या टेकून उभे असलेले पुरुषही रडले. मग मास्तरांनी म्हातारीचा अंगठा घ्यायला मतदारयादी पुढे केली. तिच्या नावाच्या वरच्या ओळीत ओमुरझाकचं नाव होतं, आणि त्यापुढे ताजा अंगठा.

"भावजी, आत्ता कुणासाठी रडलात?" बुर्माकानने विचारलं.

"ओमुरझाकदादासाठी."

"मग सकाळी मत कुणी दिलं?"

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "वहिनी, वरून मतांचा आकडा येतो. मलाही पोरंबाळं आहेत."

"माझ्या नवऱ्याला मेल्यावर सादिरबेकच्या पंगतीला नेऊन बसवलंत. माझं मत तरी मला राहू द्या."

मास्तर न जेवता परतले. सादिरबेक निवडून आला, हे सांगायला नकोच.

आज पुन्हा मतदान आहे. सकाळपासून मी या कोपऱ्यातून हललेली नाही. मघाशी बुर्माकान पायी आली, रांगेत उभी राहिली. टेबलावरची मुलगी म्हणाली, "आजी, तुमचं मत झालंय. घरी पेटी आणून घेतलं की."

बुर्माकान भांडली नाही. रांगेकडे पाठ करून, मयताच्या घरात बायका बसतात तशी, ती माझ्यापुढे बसली आणि तिने शोकगीत धरलं. "मेंढ्या राखणारी बुर्माकान गेली गं. सासूला शेवटपर्यंत भरवणारी बुर्माकान गेली…"

शोकगीत कानावर पडलं की आमचा पुरुष गप्प राहू शकत नाही. रांगेतला पहिला रडला, मग दुसरा, मग सगळी रांग. बाहेरची माणसं कोण गेलं ते न कळताच हंबरडा फोडत आत शिरली. माझ्या पोटातल्या त्या गप्प चिठ्ठ्या पहिल्यांदाच हलल्या. आणि मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "वहिनी गं, माझ्या वहिनी!"

गाणं थांबलं. बुर्माकान वळली.

"भावजी, तुम्हीही रडलात. आता मला पुरा तरी, नाहीतर माझी चिठ्ठी तरी द्या."

मास्तरांचा हात खिशावर गेलाय. माझी किल्ली त्यांच्या खिशात आहे आणि सगळी रांग त्या खिशाकडे बघतेय. कुणी घरी जात नाही, कुणी पुढेही येत नाही. बाबांनो, मला आतून उघडता येत नाही. एकाने तरी हात पुढे करा.