दोरावरचा माणूस

म्हादू पट्टीचा पाणबुड्या. वेल्ह्यापासून मार्गासनीपर्यंत कुणाच्या विहिरीत कळशी पडू दे, मोटेचं चाक निसटू दे, नाहीतर कुणी जीव द्यायला उडी टाकू दे, बोलावणं यायचं ते म्हादूलाच. कमरेला दगड बांधायचा, छाती भरून घ्यायची आणि सरळ तळ गाठायचा. काम झालं की दगड सोडायचा, गडी आपसूक वर. अडचण आलीच तर दोराला एक लांब हिसका द्यायचा, वरच्यानं ओढून घ्यायचं. आणि हा दोर धरायचा तो बायकोच्या भावानं, ही त्यांच्या घराण्याची रीत. सख्खा भाऊ एकवेळ वाटणीपायी हात सैल सोडेल, पण बहिणीचं कुंकू कोण आपल्या हातानं पुसणार?

रीत चांगली होती हो! पण तिच्या मुळावर म्हादूनं स्वतःच घाव घातला होता.

झालं असं, की गेल्या दिवाळीच्या सुमाराला एका पडक्या विहिरीत उतरायचं होतं. त्याची बायको सोजरा दारात आडवी झाली, तिथं जाऊ नका म्हणाली. म्हादूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं तिला ढकललं. तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं, ती निपचित पडली. आणि हा बहाद्दर तिला उचलायचं सोडून कमरेवर हात ठेवून उभा! "उठंल की, सोंगं करतीया," म्हणाला. मेहुणा हैबती दोर खांद्यावर टाकून आला तो नेमका त्या वेळी. त्यानं सगळं अंगणातून पाहिलं. बहिणीला त्यानंच उठवलं, पाणी पाजलं आणि त्याच पावली मार्गासनीला माहेरी नेलं. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद.

सन छप्पनच्या वैशाखात भोरकडच्या धरणात पाणी सोडायच्या दारावर एक भलंमोठं झाड येऊन अडकलं. चाळीस फूट खाली. दार हलेना आणि पाऊस तर महिन्यावर आलेला. म्हादू उघड्या अंगानं, बिनदोराचाच दोनदा जाऊन आला. करवतीचे चार हात मारले की छाती फुटायची वेळ यायची. दुसऱ्या खेपेला नाकातून रक्त आलं.

तेव्हा धरणावरच्या साहेबांनी मुंबईच्या गोदीतून पाणबुड्याचा सूट मागवला. रबरी जाड कापडाचा अख्खा अंगरखा, पायांतल्या विजारीसकट एकच. डोक्यावर काचा लावलेला तांब्याचा टोप, शिशाचे बूट, छातीवर आणि पाठीवर शिशाची वजनं. तराफ्यावर हवेचा पंप, त्याचं चाक दोघांनी फिरवायचं आणि नळीनं हवा टोपात. सोबत शिकवायला मानसिंग नावाचा पिकल्या मिशांचा पाणबुड्या आला होता.

साहेब म्हणाले, "म्हादू, तू हे शिकून घे. बरं काय, वाईट काय ते मला सांग. तू हो म्हणालास तर तुझ्या वाडीची आणखी चार माणसं ह्यात उतरवू. नाही म्हणालास तर सूट परत."

"शिकतो. पर दोर हैबती धरंल."

"माझा शिकलेला माणूस आहे की दोरावर," मानसिंग म्हणाला.

"हैबती न्हाई तर म्या न्हाई."

हैबतीला निरोप गेला. तो आला, रीत होती म्हणून आला. म्हादूकडे न बघता दोर हातात घेतला आणि तराफ्याच्या कडेला बसला. ते बसणं म्हादूला खटकलं, पण आता मागं फिरायचं कोणत्या तोंडानं?

शिकणं काही सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात उतरवलं, तर गडी सवयीनं दम धरून उभा. काचेआड चेहरा काळानिळा झाला तसा मानसिंगनं टोपावर थाप मारली. "अरे श्वास घे, श्वास! ह्यात दम धरलास तर मरशील." आयुष्यभर जे जपलं तेच इथं सोडायचं! दुसऱ्या दिवशी जरा खोल गेला, तर पाण्यानं सूट अंगावर असा आवळला की बरगड्या मोडतात की काय. मग कळलं, हवा वाढवली की आवळ सुटतो, आणि फार झाली की टोपातली कळ डोक्यानं दाबून ती बाहेर सोडायची. सहाव्या दिवशी अर्धा तास तळाशी चालून वर आला, टोप काढला, आत हात घालून बघतो तर बंडी कोरडी ठणठणीत! म्हादू पोरासारखा हसला.

दोराचे इशारे मात्र निराळे होते. एक हिसका म्हणजे ठीक आहे. चार हिसके म्हणजे ओढा. मानसिंगनं ते दोघांकडून घोकून घेतले. हैबतीनं निमूटपणे मान हलवली. सगळ्या दिवसांत तो म्हादूशी चकार शब्द बोलला नव्हता.

बाराव्या दिवशी सकाळी म्हादू दाराशी उतरला. खाली हिरवट अंधार, हात पुढं केला तर पंजा दिसेना. चाचपडत झाड सापडलं. जाडजूड खोड, एक टोक दारात आणि दुसरं भिंतीला टेकलेलं, मधे तिरकं छपरासारखं. म्हादू त्याच्या पोटाखाली शिरला आणि करवत चालवायला लागला. कानात पंपाची धाप, फस्, फस्. काम असं झरझर होत होतं म्हणता! अर्धं खोड कापून झालं.

एवढ्यात खोड करकरलं आणि हातभर खाली बसलं. एक तुटकी फांदी उजव्या मनगटाला घासून गेली आणि बर्फासारखं पाणी बाहीत शिरलं. म्हादूच्या तोंडचं पाणी पळालं. विचार करायला वेळ कुठला? हातांनी वीस वर्षांची सवय केली. दगड सोडला! म्हणजे छातीवरच्या वजनाची गाठ ओढली, आणि ते शिसं खाली गेलं.

विहिरीत ह्यानं सुटका व्हायची. इथं घात झाला. हलका झालेला म्हादू उसळला तो सरळ खोडाला खालून चिकटला. धसक्यात दम धरलेला, कळ दाबायचं भान नाही. हवा येतेय, बाहेर जात नाही. सूट फुगला, फुगला, आणि त्याचे दोन्ही हात बुजगावण्यासारखे आडवे ताठ झाले. कोपर वाकेना, मान हलेना. पाणी बाहीतून कोपरापर्यंत आलं.

दोर डाव्या बोटांशी होता. म्हादूनं सगळा जीव त्या बोटांत आणून ओढला. एक लांब हिसका.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. एक म्हणजे ठीक आहे!

पुन्हा ओढायला गेला, तर दोर बोटांतून निसटलेला.

पाणी खांद्यावर आलं. काखेतून खाली उतरलं, पाय भरले. म्हादू टोपात ओरडला, हैबतीच्या नावानं ओरडला, आणि त्याचाच आवाज त्याच्या कानांवर आदळला. मानसिंगला एक म्हणजे ठीक. पण हैबतीला तर ठाऊक आहे, हा हिसका कसला ते! वीस विहिरींवर त्यानं तो झेललाय. मग ओढत का नाही? पाणी छातीवर चढलं, गळ्याशी आलं. म्हादूला उमजलं. हैबतीला कळलंय. कळलंय, म्हणूनच तो बसून राहिलाय.

त्याला रडू कोसळलं.

तेव्हा दोर ताणला. ताणला आणि म्हादू खोडाखालून आडवा सरकत बाहेर आला, मोकळा झाला आणि वर सुटला.

म्हादूला तराफ्यावर घेऊन टोप काढला. मानसिंगनं सूटमधलं पाणी ओतलं आणि शिव्यांची लाखोली वाहिली. "वजन सोडलंस? गाढवा! आणि एकच इशारा? हा म्हणाला, एक आला, ठीक आहे. मग एकाएकी ह्यानंच ओढायला घेतलं, म्हणून वाचलास."

मानसिंग पंपाकडे गेला. म्हादूनं हैबतीकडे पाहिलं. हैबतीचे तळहात दोरानं सोलवटले होते.

"तुला कळलं हुतं," म्हादू हळूच म्हणाला.

"व्हय."

"मग?"

"आक्का पडली हुती तवा तुमी जितका येळ हुबं हुता, तितका थांबायचं ठरवलं." हैबतीनं सोललेले तळहात मिटले. "मोजून थांबनार हुतो. न्हाई झालं माझ्यानं. आदीच ओढलं."

म्हादूनं मान खाली घालून शिशाचे बूट सोडायला घेतले. 

दुपारी साहेब आले. "ऐकलं मी. मग काय, हो का नाही?"

मानसिंग, हैबती, पंपावरचे गडी, सगळे म्हादूच्या तोंडाकडे बघायला लागले. हैबतीचा चेहरा पांढरा पडला होता.

"चूक माझी हुती, साहेब," म्हादू म्हणाला. "विहिरीची सवय हितं आणली. सूट लई ब्येस हाय. अर्दा दिस काम करा, छाती फुटत न्हाई, अंग वाळलेलं ऱ्हातं. वाईट म्हनाल तर कायबी ऐकू येत न्हाई, अन् फुगला की हात आपलं ऱ्हात न्हाईत. त्ये शिकून हुईल. पर उगड्या अंगानं जातो तवा जीव आपल्या छातीत असतोय. ह्येच्यात त्यो वरच्या मानसाच्या हातात ऱ्हातोय. माझ्या गड्यांना उतरवा. पर आदी त्येंना इचारा, वरच्याशी कायी वाकडं हाय का. असंल तर पयलं त्ये मिटवून या म्हनावं."

साहेब हसले. "हे कागदावर कसं लिहू? बरं, उद्या सकाळी उरलेलं खोड काप."

"उद्या न्हाई. परवा. उद्या मार्गासनीला जायाचं हाय."

साहेब गेल्यावर हैबती दोर वळत म्हणाला, "आक्काला आनाया?"

"न्हाई."

"ती कवाची याया तयार हाय. ढकललं त्ये इसरली ती. म्याच अडवून धरलीया."

"म्हाईत न्हाई तिला," म्हादू म्हणाला. "बेसुद पडली हुती. म्या उचललं न्हाई, नुस्ता बगत हुबा ऱ्हायलो, ह्ये तिला म्हाईत न्हाई. तू सांगितलंस?"

"न्हाई. जीभ उचलली न्हाई माझी."

"म्या सांगतो."

हैबती दोर वळायचा थांबला. "मग ती यायची न्हाई, दाजी."

"न्हाई आली तर न्हाई."

 मग हैबतीनं दोराचं भेंडोळं खाली ठेवलं.

"एसटी सातला हाय," तो म्हणाला. "म्या बी येतो."