इरुंबाच्या धक्क्यावरचा गल्ला

मित्रांनो, मी जुना झालो आहे, हे मला मान्य आहे. मी निकामी झालो आहे, हे मात्र मुळीच मान्य नाही. मी एक लाकडी गल्ला आहे. इरुंबा बेटाच्या धक्क्यावरून सरोवरापलीकडच्या म्वांझा शहराला बोट सुटते. तिथल्या तिकीटखिडकीत माझे आयुष्य गेले. माझी एक कड उंदरांनी कुरतडली आहे, कुलूप कधीच गंजून गळून पडले आहे आणि माझ्या अंगाला सुक्या मासळीचा वास येतो. पण कोणी माझी कीव करू लागले की मला राग येतो. आधी माझी हकिकत ऐका. मग कीव कोणाची करायची ते तुम्हीच ठरवा.

शिजा सुतार नावा बांधत असे. एका नावेची फळी उरली, तिच्यातून त्याने मला घडवले. लोक म्हणाले, "अरे, नावा बांधणारा तू, गल्ला कसला करतोस?" तो रंधा न थांबवता म्हणाला, "नावेत पाणी शिरता कामा नये आणि गल्ल्यातून पैसा गळता कामा नये. काम एकच." त्याने मला नाण्यांसाठी गोल खळगे पाडले, नोटांसाठी खण केले आणि खण ओढला की वाजावी म्हणून मोडक्या सायकलची घंटी बसवली.

खिडकीत कबुला बसायची. ती आली तेव्हा नवी नवरी होती. माझ्यासमोर बसून बसून तिचे केस पांढरे झाले. आम्ही दोघांनी या बेटाची सगळी ये-जा पाहिली. कापडाच्या गाठीत बांधलेली नाणी, घामाने भिजलेल्या नोटा, मधोमध फाटून चिकटपट्टीने सांधलेल्या नोटा, सगळ्यांना माझ्यात जागा होती. इथल्या बारीक मासळीला 'दगा' म्हणतात. नाव असे असले तरी तिने कोणाला दगा दिलेला नाही, अर्धे बेट तिच्यावरच जगते. दगावालीची नोट आणि शाळेच्या मास्तरांची नोट माझ्या खणात एकमेकींवर निजायची. सकाळपर्यंत दोघींना एकच वास लागलेला असे.

सगळे गोड होते असे मी सांगणार नाही. सुट्या पैशांवरून रोज भांडणे व्हायची. सुटे नसले की कबुला गोळी द्यायची, आणि न्यामिझी भडकायची. न्यामिझी म्हणजे दगावाल्यांची पुढारीण, आवाज असा की बोटीचा भोंगा लाजावा.

"कबुले, घरात गोळ्यांची बरणी भरली माझ्या! उद्या त्याच देते तिकिटाला. घेशील का?"

"तू चोखून दिल्या नाहीस तर घेईन," कबुला म्हणायची, आणि सगळी रांग हसायची.

मग बोटीचा ठेका एका नव्या कंपनीकडे गेला. लुशिंगे नावाचा तरुण व्यवस्थापक आला. इस्त्रीचा सदरा, मऊ बोलणे. त्याने धक्क्यावर लोखंडी फिरती दारे बसवली. कार्ड टेकवले की हिरवा दिवा लागे आणि दार फिरे. खिडकीवर फलक लागला : 'रोख पैसे घेतले जाणार नाहीत.' कबुलाला पिवळे जाकीट देऊन दारापाशी उभे केले. लोकांना कार्ड कसे टेकवायचे ते दाखवणे, एवढेच तिचे काम. आणि मी? मला लुशिंगेच्या टेबलाखाली सरकवले. तो माझ्यावर पाय ठेवून बसे.

मित्रांनो, ज्याच्यावर बेटाचा विश्वास होता, त्याच्यावर बूट! पण मी कुरकुरलो नाही. तळाच्या खणात जुन्या कागदी तिकिटांचे पुस्तक तसेच पडून होते. ते पोटाशी धरून मी गप्प राहिलो.

खरे बोलायचे तर कार्डाने कामे सोपी झाली. रांग भराभर सरकू लागली, गोळ्यांची भांडणे मिटली. न्यामिझीनेसुद्धा कार्ड घेतले आणि पोलक्यात ठेवून मिरवले. पण कार्ड घ्यायला ओळखपत्र लागे, आणि बेटावरच्या आतल्या खेड्यांतल्या कित्येकांकडे ते नव्हते. वर्षातून एकदा तांदूळ विकायला नाहीतर दवाखान्यात जायला येणारा माणूस दारापाशी अडे. मुठीत पैसे असूनही अडे. सुरुवातीला लोक एकमेकांसाठी कार्ड टेकवत आणि पैसे हातोहात देत. लुशिंगेने तेही बंद केले. "एक कार्ड, एक माणूस," तो म्हणाला, "नाहीतर हिशेब लागत नाही."

धक्क्याच्या कडेला आणखी एक फाटक होते, शेळ्यांचे. त्याला फक्त लाकडी आडणा होता. शेळ्या बाजाराला जात तेव्हा तो वर उचलत.

एके दिवशी दुपारच्या बोटीच्या वेळेला कुलवाबाबा आले. आमच्याकडे जुळ्यांतल्या थोरल्याचे नाव कुलवा आणि धाकट्याचे दोतो. हे कुलवा, आणि त्यांचे दोतो पलीकडच्या काठावर राहत. सकाळी निरोप आला होता की दोतो गेले, संध्याकाळी माती. बाबा उन्हातून चालत आले होते. रुमालाची गाठ सोडून त्यांनी पैसे पुढे केले.

कबुलाने लुशिंगेला हाक मारली. तो बाहेर आला. "बाबा, कार्ड?"

"कसलं कार्ड, लेका? पैसे आहेत की."

"ओळखपत्र असेल तर लगेच काढून देतो."

"माझं ओळखपत्र पलीकडे मरून पडलंय," बाबा म्हणाले. "त्याचं तोंड आणि माझं तोंड एकच. जाऊन बघ."

लुशिंगेचा चेहरा पडला. पण तो म्हणाला, "मला वाईट वाटतं, बाबा. आज एकाला सोडलं तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल."

"मग सोडा," कबुला म्हणाली. तिने स्वतःचे कार्ड काढले. लुशिंगेने तिच्या आणि दाराच्या मध्ये हात घातला. नेमक्या त्याच वेळी शेळ्यांच्या फाटकातून कोणाच्या तरी सात-आठ शेळ्या डुलत डुलत बोटीकडे निघाल्या होत्या.

कबुलाने तिकडे बोट केले. "साहेब, शेळीला कार्ड लागत नाही. माणसाला लागतं?"

"शेळ्यांची पावती असते."

"बरं. मग यांचीही पावती करते."

ती तडक त्याच्या खोलीत शिरली. टेबलाखालून तिने मला ओढून काढले, कुशीत धरून बाहेर आणले आणि धक्क्यावर ठेवले. खण ओढला. किती दिवसांनी माझी घंटी वाजली! तिने कागदी तिकीट फाडले, बाबांच्या हातात दिले, त्यांचे पैसे माझ्या खणात टाकले आणि शेळ्यांच्या फाटकाचा आडणा वर उचलला.

"जा बाबा. भावाला वाट बघायला लावू नका."

बोटीचा तांडेल मसांजा चढायच्या फळीशी उभा होता. लुशिंगेने ओरडून त्याला सांगितले, "घेऊ नकोस!" मसांजाने तिकीट उलटसुलट करून पाहिले. "साहेब, कागद खरा आहे. मला दारंबिरं काही कळत नाही, मी कागद ओळखतो." आणि बाबांच्या दंडाला धरून त्याने त्यांना वर घेतले. दोतोला माती द्यायला बाबा वेळेवर पोहोचले. पुढे त्यांनीच हे सांगितले.

संध्याकाळी कबुलाची नोकरी गेली. तिने पिवळे जाकीट काढून टेबलावर ठेवले.

"आणि ती पेटी बाहेर टाकून द्या," लुशिंगे म्हणाला.

"टाकायची कशाला? मीच नेते," ती म्हणाली, आणि मला डोक्यावर घेऊन निघाली. रस्ताभर ती रडत होती. डोक्यावर असल्यामुळे तिचा प्रत्येक हुंदका मला कळत होता. पण घरी पोचल्यावर तिने तोंड धुतले, मला ओल्या फडक्याने पुसले आणि म्हणाली, "उद्या लवकर जायचंय आपल्याला."

सकाळी ती शेळ्यांच्या फाटकाशी एक खोके उपडे घालून बसली. मी मांडीवर. मला वाटले, आता आमचे हसे होणार. तेवढ्यात न्यामिझी टोपली घेऊन आली. तिच्या पोलक्यात कार्ड होते, ते तिने काढले नाही. तिने एक नोट माझ्यात टाकली, फाटकाशी वाकली आणि मोठ्यांदा ओरडली, "बॅऽऽऽ!"

"अगं, हे काय?" कबुला म्हणाली.

"शेळी झाले. माणसाला बंदी आहे ना? आडणा उचल."

मागून दुसरी आली, "बॅऽऽ!" मग तिसरी. टोपल्या डोक्यावर, नोटा माझ्या खणात, कागदी तिकिटे हातात, आणि ओरडणे असे की खऱ्या शेळ्याही माना वळवून पाहू लागल्या. मास्तर कार्ड हातात घेऊन लोखंडी दारापाशी उभे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, कार्ड खिशात ठेवले, घसा खाकरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बॅ." बायका पोट धरधरून हसल्या. माझी घंटी थांबेना. हिरवा दिवा त्या सकाळी एकदाही लागला नाही.

लुशिंगे धावत आला. "ही चोरी आहे!"

कबुला उठली. मला दोन्ही हातांनी उचलून तिने त्याच्यासमोर धरले. "चोर पैसे आणून देतो का कधी? सगळ्यांचं भाडं यात आहे. मोजून घ्या."

"मी रोख घेऊ शकत नाही."

"मग एकदा तोंडानं म्हणा, की हे पैसे नाहीत. एवढं म्हणा, मी घरी जाते."

त्याने माझ्यात पाहिले. चुरगळलेल्या, वास येणाऱ्या नोटा होत्या, पण एकही खोटी नव्हती. त्याच्या तोंडून ते वाक्य निघेना. मग तो हळूच म्हणाला, "मावशी, माझे वडील कापसाच्या गिरणीत रोखपाल होते. पगाराची पिशवी नेताना त्यांना वाटेत चोरांनी गाठलं. एक डोळा गेला त्यांचा. रोख बघितली की मला तेच आठवतं. तुमच्यावर तशी पाळी येऊ नये म्हणून म्हणतो मी."

तो खोटे बोलत नव्हता, हे सगळ्यांना दिसत होते.

"वाईट झालं रे, पोरा," कबुला म्हणाली. "पण तुझ्या बापाचा डोळा पैशानं नाही नेला, चोरानं नेला. आणि काल तू ज्याला अडवलंस, तो चोर नव्हता."

लुशिंगेने हात पुढे केले आणि मला उचलून घेतले. पायाखाली नाही, हातात. माझ्यातले पैसे त्याने आत नेऊन ठेवले आणि मला रिकामे करून परत दिले. "बोट सुटू दे," तो मसांजाला म्हणाला.

म्हणून लगेच सगळे सुरळीत झाले असे समजू नका. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी शेळ्यांच्या फाटकाला कुलूप ठोकले. त्याने काय झाले? शेळ्या अडकल्या, मग शेळ्यांचे मालकही भांडायला आले. बायकांनी मासळी नावांतून न्यायला सुरुवात केली आणि बोट रिकामी जाऊ लागली. शेवटी लुशिंगेनेच साहेबांना जाऊन सांगितले की, एक खिडकी उघडा, नाहीतर मला दुसरीकडे पाठवा. पावसाळ्याच्या तोंडावर खिडकी उघडली. 'रोख' असा फलक लागला. आत एक नवीन मुलगी बसली. कबुलाला मात्र परत घेतले नाही. 'शिस्तभंग', असे साहेब म्हणाले. तिने तो शब्द ऐकला आणि हसून म्हणाली, "छान नाव आहे. नात झाली तर ठेवीन."

आता ती धक्क्यावर चहा आणि तळलेला कसावा, म्हणजे आमच्याकडचा कंद, विकते. मी तिच्यासमोर असतो, आणि माझ्या शेजारी तिने कार्डाचे एक छोटे यंत्रही ठेवले आहे. हो, ठेवले आहे! आमचे भांडण कार्डाशी कधीच नव्हते. लुशिंगे येतो, तो कार्ड टेकवतो, रोखीला अजून हात लावत नाही. कुलवाबाबा येतात, ते नाणी देतात. दोघांचा चहा एकाच पातेल्यातला असतो.

मित्रांनो, तुमच्याही हाती आता कार्डे येतील, त्याहून नवी काही यंत्रे येतील. खुशाल वापरा. पण ज्याच्याकडे ती नाहीत, त्याच्या तोंडावर दार लावू नका. कष्टाचा पैसा कोणाच्या मुठीतून आला, किती चुरगळला, याला नाक मुरडू नका. आणि आम्हा जुन्यांना हार घालून कोपऱ्यात बसवू नका. आम्हाला तेल द्या, आमचे खिळे ठोका आणि आमच्याकडून काम करून घ्या.

परवा म्वांझाच्या एका हॉटेलाचा मालक चहा प्यायला थांबला. त्याने माझ्या कडेवरून हात फिरवला, वाकून घंटी पाहिली. "मावशी, ही पेटी मला द्या. चांगले पैसे देतो. दिवाणखान्यात काचेखाली ठेवीन. पाहुण्यांना जुन्या वस्तू आवडतात."

कबुला कसावा तळत होती. तिने मान वर केली नाही.

"नाही जमायचं, दादा," ती म्हणाली. "तो कामावर आहे."