धावपट्टीशेजारचं शांत मूल

"इतकं शांत मूल बघितलं की मला काळजीच वाटते. एकदा हिचे कान तपासून घ्या," लस टोचणारी नर्स म्हणाली होती, आणि मुलीच्या आईने ते हसण्यावारी नेलं होतं.

दवाखान्याच्या त्या खोलीत बाकीच्या मुलांनी आकाशपाताळ एक केलं होतं. एकाने भोकाड पसरलं की ते ऐकून दुसरं, दुसऱ्याचं ऐकून तिसरं. त्या कल्लोळात तिची नऊ-दहा महिन्यांची लेक आईच्या कुर्त्याचं बटण फिरवत मजेत बसली होती. सुई टोचली तेव्हा ओठ काढला, दोन टिपं गाळली, आणि पुन्हा बटण. बाकीच्या आया बघत राहिल्या. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "आम्ही हवाई तळावरची माणसं," ती नर्सला म्हणाली, "आमच्या छपरावरून रोज हेलिकॉप्टरं जातात. या रडारडीचं हिला काय?" नर्सने पुढच्या बाळाला हाक मारली आणि विषय तिथेच राहिला.

जे तिला ओळखत होते त्यांना तिचं हे हसण्यावारी नेणं पटलं नसतं. डोळ्यात तेल घालून मुलीला जपणारी अशी आई वसाहतीत दुसरी नव्हती. झोपलेल्या मुलीच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघायची. टेबलाच्या कोपऱ्यांना जुने मोजे बांधलेले. साधी घामोळी उठली तरी डॉक्टरांकडे धाव. नवरा तिला टेहळणी बुरूज म्हणायचा. पण बुरुजावरून दिसतं तेवढंच दिसतं. ती सगळी राखण डोळ्यांची होती.

घर नौदलाच्या हवाई तळाच्या कुंपणाला लागून होतं. नवरा तळावरच्या अग्निशमन दलात. सासरे त्याच तळावरून निवृत्त झालेले. उतरलेल्या विमानापुढे दोन्ही हातांत फळ्या घेऊन उभं राहायचं आणि खुणा करत त्याला नेमक्या जागी आणायचं, हे त्यांचं जन्माचं काम. सगळा तळ त्यांना बॅटवाले म्हणायचा. जेट इंजिनांसमोर उभं राहून कान केव्हाच कामातून गेले होते. कानातलं यंत्र त्यांना चालायचं नाही. त्यातून सगळ्या जगाची शिट्टी ऐकू येते, म्हणायचे, त्यापेक्षा तुमच्या सासूबाईंचं तोंड नुसतं हललेलं बरं.

त्यामुळे ते घर आवाजाशिवायच चालायचं. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, जेवायला बोलवायचं तर खोलीतला दिवा दोनदा लावायचा-विझवायचा. नाही तर लाकडी जमिनीवर टाच आपटायची, त्यांना तळपायातून कळायचं. जवळ असले तर खांद्यावर टिचकी. बाकी सगळं धावपट्टीवरच्या खुणांनी. दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली की थांबा, पुरे. तळवे आपल्याकडे ओढले की या. गळ्यावरून हात आडवा फिरवला की इंजिन बंद, म्हणजे घरात पंखा, मिक्सर, टीव्ही, जे चालू असेल ते.

मुलगी हे सगळं चालायच्या आधी शिकली. चालायला लागल्यावर ती स्वतःभोवती गिरक्या घेत फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणू लागले. एकदा शेजारच्या काकू बसायला आल्या आणि उठायचं नावच घेईनात. भिंगरीने त्यांच्याकडे रोखून बघत गळ्यावरून सावकाश हात फिरवला. तिला पंख्याचं वारं नको होतं, इतकंच. काकू त्यानंतर आठवडाभर फिरकल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, आमच्या घरात एवढ्या वर्षांत हे मलासुद्धा जमलं नव्हतं.

बोलत मात्र नव्हती. दीड वर्ष उलटलं, 'आई' नाही की 'बाबा' नाही. तिला बोलायची गरजच काय, असं नवऱ्याचं म्हणणं. मीही उशिराच बोललो, म्हणाला. त्यावर सासूबाई म्हणाल्या, अजून तरी कुठे धड बोलतोस.

त्याच सुमारास तळाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि स्मरणिका निघणार होती. कॉलेजात तिचा विषय इतिहास. स्मरणिका काढणाऱ्या निवृत्त कमांडरकाकांनी तळाची हकीकत लिहायचं काम तिच्या गळ्यात घातलं, आणि बजावलं, की रुक्ष नको, रडकं तर मुळीच नको. तीही हरखली. भिंगरीला कडेवर घेऊन ती जुन्या माणसांच्या घरोघर फिरू लागली.

हकीकत होतीही रंगतदार. आधी इथे खाडीकाठचा नुसता चिखल. पाण्यावर उतरणारी विमानं यायची, आणि दोरखंड लावून माणसं ती उतारावर ओढून घ्यायची, होडीसारखी. मग भराव पडला, गवताची पट्टी झाली. मग काँक्रीट. त्या काँक्रीटवर पांढऱ्या रंगाने जहाजाच्या डेकची आकृती काढलेली असायची. समुद्रात हलत्या जहाजावर उतरायच्या आधी वैमानिक इथे, न हलणाऱ्या जहाजावर हात बसवून घ्यायचे. त्यानंतर जेट आली आणि खिडक्यांच्या काचांना कायमची थरथर लागली. पुढे विमानं मोठी झाली, धावपट्टी आखूड पडली, आणि भिंगरी पोटात असताना शेवटची जेट निघून गेली. आता उरली हेलिकॉप्टरं.

हे सांगणारे सगळे म्हातारे एकेका वाक्याला आरोळी ठोकायचे. बाबांनी सांगितलं, त्या वेळी कानात घालायला कापूस मिळायचा, पण तो ते काढून टाकायचे. कान झाकले तर इंजिनाची कुरकुर कशी कळणार? तिने हे गमतीचा किस्सा म्हणून उतरवून घेतलं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

सर्वांत जुन्या हँगरचं संग्रहालय होणार होतं. रंगवून ठेवलेल्या एका जेटसमोर बाबा आपलं काम करून दाखवत होते. हातात फळ्या, पाठ ताठ. त्यांच्या शेजारी भिंगरी रिकामे हात तसेच हलवत होती. कमांडरकाका चहा घेत होते, ती टिपणं काढत होती. तेवढ्यात त्या दोघांच्या मागे शिडीवरून रंगाऱ्याचा पाय लागून अवजारांची पेटी खाली आली. पत्र्याच्या छपराखाली असा आवाज झाला की कमांडरकाकांच्या हातून कप सुटला, आणि तिची लेखणी कागदावर आडवी गेली.

दोन पाठी हलल्या नाहीत. एक म्हाताऱ्याची, एक बाळाची. फळ्या चालू होत्या, इवले हात चालू होते. मग आवाजाने उठलेली कबुतरं डोक्यावरून गेली तशी भिंगरीने वर बघितलं आणि ती खुदकन हसली.

"आजोबांची नात शोभते," कमांडरकाका म्हणाले. "पापणी लवली नाही."

सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसताच तिला दवाखान्यातली नर्स आठवली.

घरी गेल्यावर तिने चाव्यांचा जुडगा वाजवून पाहिला. भिंगरीने बघितलं नाही. झाकण पाडलं, तर बघितलं. आनंदाने तिला रडूच फुटणार होतं, पण मग लक्षात आलं, झाकण लाकडावर पडलं होतं. तेच झाकण गादीवर उभं राहून ताटलीवर बडवलं. काही नाही. पाठीमागून टाळी वाजवली, मुलगी वळली. भिंतीवर सावली हलली होती. प्रत्येक परीक्षेला दोन उत्तरं निघत होती, आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. बडवण्याचा आवाज ऐकून शेजारच्या काकू मात्र दारात हजर झाल्या.

घरात कोणी मनावर घेईना, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. डाग दिसला की दवाखाना, शिंक आली की दवाखाना. इतक्या वेळा लांडगा आला म्हणून ओरडल्यावर खरा आला तरी कोण काठी घेऊन धावणार? नवरा म्हणाला, राईचा पर्वत करू नकोस, हाक मारली की येते ती. सासूबाईंचा टोमणा तयारच होता. "मूल झोपलं की श्वास बघतेस, जागं झालं की कान. तिला जरा मूल म्हणून राहू दे."

ती भांडली नाही. तिने एवढंच मागितलं, की एक दिवस घरात कोणी टाच आपटायची नाही, दिव्याला हात लावायचा नाही, खूण करायची नाही. ज्याला बोलवायचं त्याला तोंडाने बोलवायचं. सुट्टीचा दिवस होता. नवऱ्याला गंमत वाटली. सासूबाई म्हणाल्या, तुझं समाधान होऊ दे एकदाचं.

सकाळचा चहा बाबांपर्यंत पोचला नाही, त्यावर सगळे हसले. दुपारी सासूबाईंनी पानं वाढली आणि स्वयंपाकघरातून हाक दिली, "अहो, या जेवायला." मग, "भिंगरे, चल गं." कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग आणखी मोठ्याने. शेवटी त्या हात पुसत बाहेरच्या खोलीच्या दारात आल्या. खिडकीशी आजोबा-नात पाठमोरे बसले होते, कुंपणापलीकडे हेलिकॉप्टर बघत. त्या दारातूनच हाका मारत राहिल्या, एकदा त्यांना, एकदा तिला, आणि आवाज चढता चढता मध्येच फुटला. नवरा भरल्या ताटावरून उठून आला होता. टाच आपटायला त्याचा पाय उचलला गेला आणि तसाच थांबला.

बाबांना सांगायचं काम तिच्यावर आलं. समोर बसून, ओठ सावकाश हलवत तिने सांगितलं.

"माझ्यामुळे झालं हे?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, शेजारपाजारी गेला असेल.

तिलाही ते ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून बाबा हात खिशात घालून बसू लागले. भिंगरी येऊन ते ओढून बाहेर काढायची, ते पुन्हा आत घालायचे. नवा खेळ समजून ती हसायची.

कानाच्या दवाखान्यात जाड गाद्यांच्या भिंतींची खोली होती. झोपलेल्या भिंगरीच्या डोक्याला तारा लावल्या, तेव्हा सवयीने तिचं बोट मुलीच्या नाकापाशी गेलं. तपासणाऱ्या बाईंनी आलेख समोर ठेवला आणि सरळ सांगितलं. दोन्ही कान. फार मोठा आवाज तेवढा पोचतो. आधी यंत्रं लावू, पुरली नाहीत तर शस्त्रक्रियेचा विचार. "लवकर आलात असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण वेळ गेलेली नाही. मात्र आता एक आठवडाही वाया घालवू नका."

तिने मनात दाबून ठेवलेलं विचारलं. पोटुशी असताना ती खिडकीत उभी राहून शेवटची जेट जाताना बघत होती, सगळी वसाहत बघत होती. त्याने झालं का? बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. पुष्कळ मुलांत कारण सापडतच नाही. हे उत्तर घेऊन ती घरी आली आणि ते अजून तिच्याजवळ आहे. हेलिकॉप्टर छपरावरून गेलं की तिचा हात आपोआप पोटावर जातो, तिथे आता कोणी नसलं तरी.

खुणांचं मात्र बाईंनी ठणकावून सांगितलं होतं. मुलीजवळ आज तेवढी एकच भाषा आहे, ती काढून घेऊ नका, तिच्या जोडीने बोला. घरी येऊन तिने बाबांना हे सांगितलं. त्यांनी खिशातले हात बाहेर काढले, आणि तळवे आपल्याकडे ओढून भिंगरीला बोलावलं.

यंत्रं लागली. पहिल्या दिवशी भिंगरी भेदरून रडली, आणि ते रडणं स्वतःच्याच कानावर पडून आणखी रडली. सासूबाईंनी इतक्या वर्षांत कोणाच्या रडण्याचं एवढं कौतुक केलं नसेल. अजून शब्द आलेला नाही. दर सकाळी आई तिच्या मागे उभी राहते, 'भिंगरी' म्हणते आणि वाट बघते. कधी मान वळते, कधी नाही.

स्मरणिकेच्या शेवटी तिने एक पान वाढवलं. तळाची विमानं आली कशी आणि गेली कशी हे लिहिलंत, आता कानांचं लिहा, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. या घरांत आपण बहिऱ्या माणसांशी इतकं नीट बोलायला शिकलो की न ऐकणारं मूल दीड वर्ष कोणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच तिने लिहिलं. कमांडरकाकांनी ते पान काढलं. समारंभाच्या अंकात शोभत नाही, म्हणाले. वाईट मनाने नाही. लगेच खिशातून फोन काढून नातवाचा फोटो दाखवला. लेक-जावयाची दुसऱ्या एका तळावर बदली झाली होती, बाळ सहा महिन्यांचं. "इतका गुणी आहे," ते म्हणाले, "विमान गेलं तरी झोप मोडत नाही त्याची."

तिने त्यांना बाळाचे कान तपासून घ्यायला सांगितलं. पुन्हा सांगितलं. त्यांनी हसून मान हलवली, आणि ते हसणं तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. लेकीचा पत्ता ते देईनात, उगाच तिला घोर लावू नकोस म्हणाले.

तेव्हा हे वाचणाऱ्या तुम्हालाच तिचं सांगणं आहे. तुमच्या इमारतीत, धावपट्टीच्या बाजूला, एखादं नवं बिऱ्हाड आलं असेल. बाळाचे आजोबा नौदलातले, आणि बाळ असं शांत की सगळे नावाजतात. एकदा काहीतरी निमित्त काढून त्या घरी जा. बाळाला तुमची सावली दिसणार नाही असे उभे राहा, आणि हाक मारून बघा.