बिनफुलांच्या गाई

कोर्बिनिअनला लाज नाही, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. पण तो या थराला जाईल असं वाटलं नव्हतं.

डोंगरावरून गुरं उतरायच्या आदल्या दिवशी तो माझ्या गोठ्यात येऊन उभा राहिला. हा हॉटेलवाला, वर टिरोल प्रांतातल्या आमच्या गावाच्या पर्यटन समितीचा अध्यक्ष.

“बुर्गा, उद्या बस भरभरून लोक येताहेत. गाईंना फुलांचे मुकुट घाल.”

“वितुसच्या कबरीवरची माती अजून बसली नाही, कोर्बिनिअन.”

वितुस माझा भाऊ. जुलैत वरच्या कुरणावर वासराला वाचवायला गेला आणि कड्यावरून कोसळला. ज्या घरची माणसं-गुरं उन्हाळ्यातून सुखरूप परततात, त्याच घरच्या गाईंच्या शिंगांवर फुलं चढतात. बाकीच्यांच्या तशाच उतरतात. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

“पाहुण्यांना काय कळतंय? त्यांना फोटो हवा. ते येतात म्हणून शाळा चालू आहे, दुकान चालू आहे. नाहीतर गाव ओस पडेल.”

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त चीड आली.

“म्हणून माझ्या भावाचं मरण झाकायचं? चालता हो!”

“बरं बाई, तुझंच खरं,” म्हणत तो गेला. इतक्या सहज गेला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडायला मी कुरणावरून कळपाच्या आधी घरी पोचले. गाई वळणावर आल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात पुढे आमची लिझल, डोक्यावर हा भला मोठा मुकुट. माझ्या गुराख्याला बाजूला सारून पुलापाशी कोर्बिनिअनच्या माणसांनी चढवलेला. तो स्वतः शेजारून हसत चालला होता.

माझं डोकंच फिरलं. मी धावणार तोच वरची खिडकी उघडली.

आईच्या आता काही लक्षात राहत नाही. वितुस गेल्याचं ती विसरते. मी सांगते, आणि ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडते. पण फुलांचा अर्थ ती विसरलेली नाही.

“सगळे सुखरूप आले गं!” ती आनंदानं ओरडली. “बुर्गा, वितुसला म्हणावं हात धू, सूप वाढते!”

लोक फोटो काढतच होते. मी लिझलच्या शिंगांवरून मुकुट ओढून काढला, कोर्बिनिअनच्या छातीवर आदळला आणि बाही धरून त्याला आमच्या दारापर्यंत फरफटत नेलं.

“बुर्गा, सोड! लोक बघताहेत.”

“बघू देत. जा वर. आज तिला तू सांग.”